एका अक्षराची बारा नावं

(अमरावती जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात, गणिताच्या निवृत्त शिक्षकांनी दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज राखून संपादित केलं आहे.)

मंडळी, तूर सोंगायचे दिवस आहेत. सकाळपासून वावरात वाकून कंबर धरली असेल, तरी तुम्ही आलात. म्हणून घरच्याच गोष्टीपासून निघतो.

रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या तिथं. पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवल्या. नेहमीच्या अक्षराच्या जागी पंथात ठरलेलं दुसरं चिन्ह. परक्याच्या हाती पोथी पडली तरी त्याला ती वाचता येऊ नये, एवढाच हेतू. मराठीतलं केवढं तरी मोलाचं गद्य असं शेकडो वर्षं मराठी वाचकांपासून झाकलेलं राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे ते बाहेरच्यांना वाचता येऊ लागलं. जिथं बसून आपण बोलतो आहोत, ती भूमीच गूढ लिप्यांची आहे.

एका अक्षराला एकच चिन्ह असलं की उलगडा मोजणीनं होतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं हे लिहून ठेवलं: भाषेत काही अक्षरं फार येतात, काही क्वचित येतात, गूढ मजकुरातलं सगळ्यात जास्त आलेलं चिन्ह कोणतं ते पाहा. इंग्रजीत शंभर अक्षरांत साधारण बारा वेळा 'ई' येतो. तो लपत नाही.

मग लपवणाऱ्यांनी तोड काढली. 'ई'ला एकच चिन्ह न देता बारा द्यायची आणि पाळीपाळीनं वापरायची. याला होमोफोनिक सायफर म्हणतात, म्हणजे एका अक्षराला अनेक चिन्हं देणारी गूढ लिपी. १४०१ साली इटलीतल्या मांतुआमध्ये असा सायफर वापरल्याची नोंद आहे. गावात एकाच माणसाला घरी अण्णा म्हणतात, वावरात बापू, बाजारात पाटील, सासुरवाडीला जावईबुवा. नावं मोजली तर चार माणसं, गर्दी कोणाचीच नाही. मग ओळखायचं कसं? तो कोणाशेजारी बसतो ते पाहायचं. अण्णांच्या आधी जो येतो तोच बापूच्याही आधी येतो, पाटलांच्या मागून जो निघतो तोच जावईबुवांच्या मागून. नावं बदलली तरी सोबत बदलत नाही. हा सायफर फोडणारा प्रत्येक जण, हातानं करो की संगणकानं, शेवटी ही सोबतच शोधत असतो.

असा सायफर हातानं फोडणाऱ्या हार्डन दांपत्याकडे आता येतो. १९६९च्या जुलैअखेरीस कॅलिफोर्नियात स्वतःला पुढे 'झोडिअॅक' म्हणवणाऱ्या खुन्यानं एका गूढलेखाचे तीन तुकडे तीन वृत्तपत्रांना पाठवले. एकूण ४०८ चिन्हं, त्यांत ५४ वेगवेगळी. या लेखात माझी ओळख आहे, असा त्याचा दावा होता. सलिनास गावातले शाळामास्तर डोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या पत्नी बेट्टी कागद घेऊन बसले. बेट्टीबाईंचा या विषयाशी पूर्वी संबंध नव्हता. पण त्यांनी गणिताआधी माणूस ओळखला. असा आत्मप्रौढ माणूस सुरुवात 'मी'नंच करणार, आणि मारण्याबद्दल बोलल्याशिवाय राहणार नाही. इंग्रजीतल्या 'किल' शब्दात शेवटी 'एल' दोनदा येतो. जोडीनं येणारी चिन्हं शोधत ते आत शिरले आणि सुमारे वीस तासांच्या कामात लेख उलगडला. नाव त्यात नव्हतंच. ते सांगणार नाही, असंच त्यानं लिहिलं होतं. शेवटच्या १८ अक्षरांचा अर्थ अजून लागलेला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा ३४० चिन्हांचा दुसरा लेख आला. तो ५१ वर्षं फुटला नाही. कारण इथं सोबतच मोडलेली होती. वेगवेगळी चिन्हं ६३, आणि शिवाय मजकूर सरळ ओळीनं लिहिलेलाच नव्हता. वीस ओळींचे तीन भाग पाडले होते: नऊ, नऊ आणि दोन. पहिल्या भागात एक ओळ खाली, दोन घरं उजवीकडे, अशा बुद्धिबळाच्या घोड्यासारख्या उड्या मारत वाचायचं. ५ डिसेंबर २०२० रोजी तिघांनी मिळून तो सोडवला: अमेरिकेतले प्रोग्रॅमर डेव्हिड ओरांचॅक, ऑस्ट्रेलियातले गणिती सॅम ब्लेक आणि बेल्जियममधले यार्ल व्हान आयके. हे यार्ल पोटासाठी गोदामात काम करत आणि फावल्या वेळात त्यांनी सायफर फोडणारा उत्तम प्रोग्रॅम लिहिला होता. ब्लेक यांनी वाचण्याचे सुमारे साडेसहा लाख क्रम तयार केले. ते प्रोग्रॅममधून चाळताना एका क्रमात 'मला पकडायचा प्रयत्न', 'गॅस चेंबर' असे इंग्रजी तुकडे दिसले. तेवढे तुकडे धरून ठेवून त्यांनी उरलेला मजकूर ओढून काढला. एफबीआयनंही उत्तर मान्य केलं.

इथं थोडं थांबतो, कारण पुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या ५१ वर्षांत उत्तर सापडल्याचे दावे अनेकांनी केले. कोणी दोन चिन्हं सोडली, कोणी अक्षरांची फिरवाफिरव केली आणि हवं ते नाव काढून दाखवलं. चिन्हं ६३ आणि मजकूर अवघा ३४०, म्हणजे ओढाताण केली की काहीही वाचता येतं. पण तिथं खरी माणसं मेली होती, त्यांची घरं मागं राहिली होती. अशा लेखातून एखाद्याचं नाव काढणं म्हणजे त्याला खुनी ठरवणं. म्हणून कसोटी कडक हवी. अर्ध्या मजकुरावर बसवलेली किल्ली उरलेल्या अर्ध्याला हात न लावता लागली पाहिजे. कुलूप उघडताना किल्ली घासावी लागत असेल तर ती त्या कुलपाची नव्हे.

हौशी माणसाची ताकद आणखी एका ठिकाणी दिसली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काही गूढपत्रं इटलीसंबंधी म्हणून नोंदवलेली होती. जॉर्ज लास्री हे संगणकतज्ज्ञ, नोर्बर्ट बिअरमान पियानोवादक, सातोशी तोमोकियो भौतिकशास्त्राचे जाणकार. त्यांनी ती पत्रं फोडायला घेतली तेव्हा भाषा फ्रेंच निघाली, क्रियापदांची रूपं स्त्रीलिंगी निघाली, मजकुरात कैद आणि मुलगा आला. पत्रं स्कॉटलंडच्या मेरी राणीची होती, १५७८ ते १५८४ या काळातली, एकूण ५७. तिला १५८७ साली मृत्युदंड झाला आणि तिचा आवाज २०२३ साली लोकांपर्यंत पोहोचला. कैदेतल्या बाईचे शब्द एका पियानोवादकाच्या चिकाटीनं मोकळे व्हावेत, याचं मला अजून भरून येतं.

मग मराठीचं काय? शाळेत असताना मी दहावीच्या मुलांना जुनी वर्तमानपत्रं वाटली आणि अक्षरं मोजायला लावली. पहिल्याच तासाला एका मुलीनं विचारलं, "सर, हे 'क्षे' एक मोजाचं का तीन?" दोन दिवस वर्गात त्यावर भांडण चाललं, आणि भांडण रास्त होतं. 'क्षे' एक धरला तर मराठीला शेकडो चिन्हं लागतात आणि सायफर लिहिणाराच दमतो. क, ष आणि मात्रा असं फोडलं तर चिन्हं आवाक्यात येतात, पण मग मात्रा चुगली करते. मात्रेनं कधी शब्द सुरू होत नाही. कान्यामागून काना कधी येत नाही. आमच्या मोजणीत सगळ्यांत जास्त भरला तो कानाच. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्यानं काना झाकायला सहा चिन्हं वापरली, तरी ती सहा एकमेकांना कधी चिकटून बसणार नाहीत. इंग्रजीत 'ई'शेजारी 'ई' बसतो. आपल्या भाषेनं फोडणाऱ्याला दिलेली ही भेट आहे, आणि ती ओळखायला मराठीतच वाढलेला माणूस लागतो. शिवाय आपली वाक्यं 'आहे', 'होते', 'लं', 'ली'वर टेकतात. मजकुराच्या शेपटाकडून सुरुवात केलेली बरी.

दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवले आहेत. साडेचारशे चिन्हं, सरळ ओळीनं लिहिलेली, घोड्याच्या उड्या नाहीत. मजकूर मराठी, आपल्याच भागातला. कान्याला सहा चिन्हं दिली आहेत आणि ती बहुतेक ठिकाणी पाळीनं फिरतात. दोन जागी मी पाळी मुद्दाम मोडली आहे. पेन्सिलीनं करा, पेन वापरू नका. एकट्यानं बसू नका. ओट्यावर दोघं-तिघं मिळून बसा. पुढच्या रविवारी याच वेळेला मी इथं आहे. ज्यांचं अर्धंच झालं असेल त्यांनी तेवढं घेऊन यावं, उरलेलं इथं बसून लावू.