पंख कुणाच्या छातीवर?

अमेरिकी गणवेशावर, डाव्या खिशाच्या वर, धातूचे पसरलेले पंख दिसले की आपण म्हणतो, हा पायलट. दरवेळी ते खरं नसतं. ओळख पटते ती पंखांच्या मधोमध असलेल्या चिन्हावरून.

नौदलात ढालीमागे एकच नांगर असेल, तर ती व्यक्ती विमान चालवते. दोन नांगरांची फुली असेल, तर रडार, शस्त्रं आणि मार्ग सांभाळते. ओकचं पान आणि त्यावर फळ? हे फ्लाइट सर्जन, म्हणजे वैमानिक उड्डाणाला तंदुरुस्त आहे की नाही हे तपासणारे डॉक्टर. हवाई दलात पंखांवर चांदणी आणि तिच्याभोवती पानांचं कडं आलं, की समजावं, किमान पंधरा वर्षांची उड्डाणसेवा झाली आहे.

दुसऱ्या महायुद्धात काही पंखांवर नुसतं ‘जी’ हे अक्षर असे. ते ग्लायडर पायलट. इंजिन नाही, हल्ला झाला तर पुन्हा वर चढायची सोय नाही. सैनिकांनी भरलेलं ग्लायडर शत्रूच्या मुलखात, मिळेल त्या शेतात उतरवायचं. माझ्या मते त्या काळातले सर्वांत अवघड कमावलेले पंख हेच.

याच युद्धात १,०७४ महिलांनी प्रशिक्षण पूर्ण करून ‘वास्प’चे, म्हणजे लष्कराची विमानं चालवणाऱ्या महिला वैमानिकांच्या संघटनेचे पंख मिळवले. त्यांनी ही विमानं देशभर पोहोचवली, तोफांच्या सरावासाठी मागे लक्ष्य बांधून उडवली. ३८ जणींचा जीव गेला. तरीही सरकारदरबारी त्या नागरी कर्मचारीच राहिल्या. माजी सैनिकांचा दर्जा मिळायला १९७७ साल उजाडलं.

हाच भेद पुढे अंतराळाच्या उंबरठ्यावरही आड आला. ‘एक्स-१५’ या रॉकेट विमानातून ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या वर गेलेल्या हवाई दलाच्या वैमानिकांना अंतराळवीराचे पंख मिळाले. रॉबर्ट व्हाइट १९६२ मध्ये त्यांतले पहिले. जो वॉकर १९६३ मध्ये त्याच विमानातून १०० किलोमीटरच्याही पलीकडे गेले, पण ते होते नासाचे नागरी वैमानिक. त्यांना काहीच मिळालं नाही. जॉन मॅके आणि बिल डेना यांचंही तेच झालं.

तिघांना पंख देण्यात आले ऑगस्ट २००५ मध्ये. ते स्वतः स्वीकारायला फक्त डेना हयात होते. वॉकर आणि मॅके यांचे पंख त्यांच्या कुटुंबीयांनी घेतले.