फडातलं ऊन आणि पाचटाची आग

नमस्कार मंडळी! आज उसावरच बोलूया, पण दर आणि टनेज जरा बाजूला ठेवून. शिरोळला जावा, कागलला जावा, जिकडं बघाल तिकडं हिरवागार फड, तर हा फड दिवसभर करतो काय? ऊन पकडतो. पानातलं हरितद्रव्य प्रकाश शोषतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळाचं पाणी घेऊन साखर बनते, आणि उन्हातली ऊर्जा त्या साखरेत बसते.

ऊस यात लई हुशार. कडक उन्हात भात-गव्हाच्या पानात पकडलेला थोडा कार्बन परत सुटून जातो, ऊस मात्र तो आतल्या खास पेशींत दाटून ठेवतो. ही सी-फोर पद्धत हॅच आणि स्लॅक यांनी १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात उलगडली, तीपण उसाच्याच पानावर! तरीसुद्धा वर्षाचा हिशेब काढला तर पडलेल्या उन्हातला शंभरातला एक-दोन हिस्साच पिकात उतरतो.

पुढं गळती आणखी. पीक-गवत जनावर खातं, त्या जनावराला वाघासारखा शिकारी खातो, आणि या प्रत्येक पायरीवर खाल्लेल्यातलं बरंच शेणात जातं, बरंच अंग गरम ठेवण्यात आणि चालण्या-फिरण्यात. १९४२ ला लिंडमन या अमेरिकन संशोधकानं एका तळ्यावर हा हिशेब मांडला, ढोबळमानानं एका पायरीवरून पुढच्या पायरीवर दहावा हिस्साच पोचतो. दाजीपूरच्या जंगलात गवे कळपानं दिसतात आणि वाघ इतका दुर्मिळ, त्याचं एक कारण हेच.

पण उसाचा वाळलेला पाला, म्हणजे पाचट, कुणीच चरत नाही, त्याचं काय? तो बुरशी, जिवाणू, गांडुळांचं जेवण आहे, आपली जमीन त्याच्यावरच जगते. आणि तोड संपली की आपण काडी लावतो! हेक्टरी ८-१० टन पाचट, म्हणजे वर्षभर पानांनी पकडलेलं ऊन, तासाभरात धूर, आणि त्याच्यासोबत नत्रही (नायट्रोजन) हवेत. मला हे बघवत नाही, खरंच.

खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक, ठेवणार असाल तर पाचट सरीत दाबा, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू कल्चर टाका, पाणी द्या. युरिया कशाला, तर पाचटात कार्बन भरपूर पण नत्र कमी, जिवाणूंना वाढायला दोन्ही लागतं, नाहीतर ते जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो.