एक जूनला जन्मलेली सगळी पोरं

राम राम मंडळी. आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की तुमच्याकडे झाडांना झोके बांधले जातात, लेकी माहेरी येतात, सांजोऱ्या तळल्या जातात, आणि आमच्याकडे, म्हणजे बाल संरक्षणाचं काम करणाऱ्यांकडे, फोन वाजायला लागतात, की ताई अमुक गावात पंधरा-सोळाच्या पोरीचं लग्न लावताय, लवकर या. आम्ही जातो, लग्न थांबतं, बरं वाटतं. आज त्याच्यापुढचं सांगते, म्हणजे कागदाचं, आणि तो कागद सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं.

पोरगी बाल कल्याण समितीपुढे जाते, म्हणजे संकटातल्या पोरांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे. त्याच्याआधी पोलिसांनी विचारलेलं असतं, समुपदेशकाने विचारलेलं असतं, मग समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, तेही विचारतात, आणि पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा म्हणून आमचा माणूस घरी जातो तर तो परत पहिल्यापासून सुरू, बाळा सांग काय झालं. भुसावळ स्टेशनवर सापडलेला एक पोरगा मला म्हणाला होता, मावशी तुम्ही सगळे एकमेकांशी बोलत नाहीत का? त्याची एक फाईल आधीच दुसऱ्या जिल्ह्यात होती, सुतळीने बांधलेली, कपाटात. आम्हाला पत्ताच नाही, आम्ही दुसरी उघडली.

तर सॉफ्टवेअर ह्याच्यासाठी. युनिसेफच्या पुढाकाराने बनलेलं प्रायमेरो नावाचं एक ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही घेऊन वापरता येणारं, सॉफ्टवेअर आहे, निर्वासितांच्या छावण्यांमध्येसुद्धा वापरतात, आपल्याकडे सरकारच्या मिशन वात्सल्य ह्या बाल संरक्षण योजनेचं पोर्टल आहे. काम साधारण सारखंच, पोराला एक नंबर मिळतो आणि जबाब, तपासणी, समितीचा आदेश सगळं त्या एका नंबराखाली. प्रायमेरो तर मोबाईलवर नेटशिवायही चालतं, रेंजमध्ये आलं की भरलेली माहिती आपोआप चढते, म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याकडे फिरणाऱ्याला किती सोय ते तिकडे फिरलेल्यालाच कळेल.

पण खरी गंमत पुढे आहे. सातपुड्यातला पोरगा आडनाव सांगतो पावरा, आणि खाली सपाटीवरचा आपला माणूस न विचारता लिहितो पवार. झाला की दुसरा पोरगा! कॉम्प्युटरला काय, त्याला दोन वेगळी पोरं दिसतात. आणि जन्मतारीख? अर्ध्या फाईलींत एक जून. शाळेत नाव घालताना तारीख कोणाला माहीत नव्हती, गुरुजींनी एक जून टाकून दिली. आता बाल न्याय कायदा, २०१५, त्याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवताना पहिला मान शाळेच्या दाखल्याला, म्हणजे गुरुजींनी सहज टाकलेली तारीख पुढे पोरीचं लग्न कायदेशीर की बेकायदेशीर ते ठरवते. म्हणून मला फॉर्ममधला एक छोटासा चौकोन फार आवडतो, 'वय अंदाजे आहे का'. तिथे टिक करायला सगळ्यांना जीवावर येतं, पण तारीख खरी माहीत नसेल तर करायचीच.

दुसरं म्हणजे कोणी काय बघायचं. पोराला डॉक्टरकडे पाठवलं तर डॉक्टरला उपचारापुरतं दिसावं, घरची सगळी कहाणी कशाला? चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याच्या-त्याच्या कामापुरतं उघडतं, आणि कोणी कधी उघडलं त्याचीही नोंद राहते. आता एवढं सगळं केलं आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवला (मी स्वतः पाहिलंय, ऑफिसचं नाव घेत नाही) तर सुतळीची फाईल बरी होती, तिला निदान कुलूप तरी होतं. आणि व्हॉट्सअॅप! लग्न थांबवलं की पाच मिनिटांत ग्रुपवर पोरीचा फोटो, गावाचं नाव, शाब्बास टीम. अरे, पोरीची ओळख उघड करणं हा त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि ते शाब्बासकी देणाऱ्या आपल्या माणसालाही लागू आहे.

आता तुमचं काम. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन केला की गावासोबत पाड्याचंही नाव सांगा, एका नावाची दोन-दोन गावं असतात आपल्याकडे. आडनाव पोरगं सांगतंय तसंच सांगा, आपल्या मनाने सुधारू नका. वय माहीत नसेल तर नाही माहीत म्हणा, चालतं. फोटो काढू नका. आणि आम्ही पोहोचेपर्यंत त्याला काय झालं ते खोदून खोदून विचारू नका, पाणी द्या, जवळ बसा.