घराच्या मागच्या दाराने

(दृश्य: पहाट. नेरूळमधल्या सोसायटीचा जिना. दाराच्या कडीला अडकवलेली कापडी पिशवी.)

पहाटेचे साडेपाच वाजलेत. दूधवाला येऊन गेला आहे. स्वयंपाकघरातला दिवा लागतो, पातेलं ओट्यावर येतं आणि दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्यावर कात्री टेकते.

(दृश्य: कात्री आणि पिशवीचा कोपरा, अगदी जवळून.)

इथे जरा थांबू या. हा कोपरा पूर्ण कापला, तर नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा सुटा होतो. तो आधी ओट्यावर पडतो, मग केरात जातो आणि केरातून भाजीच्या सालांबरोबर ओल्या कचऱ्यात. इतका बारीक तुकडा कचरा निवडणाऱ्या माणसाच्या बोटांनाही सापडत नाही. उरलेली पिशवी मात्र रद्दीवाला किलोवर विकत घेतो, कारण तिचं पुन्हा प्लॅस्टिक होतं.

माझी आई कोपरा कधीच तोडत नाही. ती फक्त एक चीर देते, तुकडा पिशवीलाच लोंबता राहतो. रिकामी पिशवी आतून विसळून ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवते. दुपारपर्यंत पिशवी वाळते आणि आपली आपण गळून पडते. आईला हे कुणी शिकवलं नाही. तिच्या लेखी हा निगुतीचा संसार, एवढंच.

घराला दोन दारं असतात, असं मला वाटतं. पुढच्या दाराने दूध, भाजी, पाणी, वीज आत येते. त्यांचा भाव, ताजेपणा, बिल, सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. मागच्या दाराने काय जातं, कुठे जातं, हे मात्र आपण विचारत नाही. ही फिल्म त्या मागच्या दाराची आहे.

(दृश्य: सकाळची घंटागाडी. हिरव्या आणि निळ्या बादल्या.)

नवी मुंबईचा कचरा तुर्भ्याला जातो. त्याआधी तो कोपरखैरण्यात टाकत असत. ते जुनं डंपिंग बंद झालं आणि त्यावर आज निसर्ग उद्यान उभं आहे. लोक तिथे सकाळी फिरायला जातात, मुलं खेळतात. बाग सुंदर आहे. पण त्या चढावर पाय ठेवताना मला दर वेळी आठवतं, की खाली आपल्याच घरांतला कचरा आहे. तो नाहीसा झालेला नाही, झाकला गेला आहे.

त्यातही ओल्या कचऱ्याचं दुखणं वेगळं. केळ्याचं साल मातीत पडलं तर त्याची माती होते. तेच साल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कचऱ्याच्या ढिगाखाली गाडलं गेलं, की त्याला हवा मिळत नाही. हवेविना कुजताना मिथेन वायू तयार होतो आणि वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट भारी आहे. डंपिंगला लागणाऱ्या आगींमागेही हा वायू असतो. म्हणून घरातली एकच सवय बदलायची असेल, तर मी ओल्या कचऱ्यावर बोट ठेवीन.

(दृश्य: गॅलरीच्या कोपऱ्यात झाकणाची बादली. बाजूला वाळक्या पानांची गोणी.)

ही आमची बादली. साधी, वीस लिटरची. तळाला आणि बाजूंना तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली आहेत, खाली एक ताट. तळात नारळाच्या शेंड्यांचा थर, त्यावर सुकी पानं. मग रोजचं: भाजीची देठं, कांद्याची सालं, चहाचा चोथा, नासलेलं फळ. जितका ओला कचरा, जवळजवळ तितकीच सुकी पानं त्यावर. सुरुवातीला दोन चमचे आंबट ताक. त्यातल्या जिवाणूंनी कामाला चांगली सुरुवात होते.

पहिल्या वर्षी आमचा डबा बिघडला. मी सुकं काही घातलंच नव्हतं. आठवड्यात वास सुटला, तळाला काळं पाणी साचलं, अळ्या झाल्या. शेजारच्या काकू दार वाजवून म्हणाल्या, "अगं, काही मेलंय का तुमच्याकडे?" मला रडू आलं होतं. मग त्यांनीच डब्यात हात घातला, मूठभर कचरा घेऊन दाबला, आणि बोटांतून पाणी टपकलं. काकूंचं माहेर जुन्नरकडचं, अंगणात शेणखताचा उकिरडा असलेलं. त्यांनी दिलेली परीक्षा मी आजही घेते: मूठ दाबली की पाणी गळता कामा नये, पण उघडल्यावर गोळा तसाच राहिला पाहिजे. गळालं तर पानं घाला. भुगा झाला तर पाण्याचा हबका मारा.

पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामच करते आहे. दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करा. हात वर धरलात तर आतली ऊब जाणवते. दोन महिन्यांच्या आसपास बादलीत जे उरतं, त्याला पहिल्या पावसाचा वास असतो. आंब्याच्या कोयी मात्र तशाच राहतात, त्या पुढच्या फेरीला परत घालायच्या.

पावसाळ्यात सुकी पानं मिळत नाहीत, म्हणून ती आधीच साठवायची. उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्या रस्त्यांवर जंगली बदामाची मोठाली तांबडी पानं पडतात. ती झाडून पेटवलेली दिसली की जीव तुटतो. सोसायटीच्या माळीदादांना सांगून ठेवलं, तर ते आनंदाने गोणी भरून देतात. आमच्या जिन्यात आता तीन घरांच्या गोण्या आहेत.

(दृश्य: नळ. मग पावसाळ्यातलं मोरबे धरण.)

आता पुढच्या दाराकडे. आपलं पाणी मोरब्याहून येतं. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर हे धरण आहे. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण, असं भाग्य फार थोड्या शहरांना लाभलं आहे. तिथून पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि मग आपल्या टाक्यांत पोचतं.

इतक्या लांबून, इतक्या कष्टाने आलेलं पाणी आपण घरात काय करतो? आरओचं यंत्र साधारण एक लिटर पाणी गाळताना तीनेक लिटर नळीवाटे बाहेर सोडतं. खाऱ्या बोअरच्या पाण्याला आरओ हवाच. पण धरणात साठलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार मुळातच कमी. आम्ही पाण्यातले क्षार मोजायचं मीटर आणून पाहिलं. लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा आकडा बराच खाली आला. मग आरओ काढून साधा गाळणीचा आणि जंतू मारणाऱ्या अतिनील (यूव्ही) किरणांचा फिल्टर बसवला. तुमच्या टाकीचं पाणी वेगळं असू शकतं, म्हणून आधी मोजा. आरओ ठेवावाच लागला, तर त्याच्या नळीखाली बादली ठेवा. त्या पाण्याने फरशी पुसा, संडास धुवा. कुंड्यांना मात्र रोज घालू नका, मातीत क्षार साचतात.

गळका नळ किती पाणी खातो, हे कुणाच्या आकड्यावरून मानू नका. रात्री खाली बादली ठेवा आणि सकाळी बघा. आमच्या न्हाणीघरातल्या नळाने एका रात्रीत अर्धी बादली भरली होती. वायसर पाच मिनिटांत बदललं.

विजेचं थोडक्यात सांगते. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा 30च्या आसपास. दिवसाला बारा तास फिरला, तर महिन्याला सोळा युनिटांचा फरक पडतो, तोही एकाच पंख्यामागे. एसी 24 वर ठेवून वर पंखा लावला की घाम येत नाही. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवले तर गॅस कमी जळतो. हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच.

(दृश्य: पावसाळी सकाळ, स्टेशनबाहेर रानभाजीवाल्या मावशी.)

पावसाळ्यात स्टेशनबाहेर मावशी टाकळा, शेवळं, कंटोली घेऊन बसतात. रानात पावसावर आपोआप उगवलेली ही भाजी. तिला ना खत लागतं, ना शीतगृह. मावशी वाटा पानावर मांडतात, आपण पिशवी पुढे करायची. राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे, तरी "पिशवी द्या ना" हे शब्द अजून कानावर येतात. मी स्कूटरच्या हुकाला एक कापडी पिशवी कायमची अडकवून ठेवली आहे. ती आईच्या जुन्या साडीची आहे. त्याच साडीची उशीची खोळ झाली आणि उरल्याची पुसणी.

(दृश्य: ओहोटी. ठाणे खाडीतली तिवरं. दूरवर गुलाबी रेघ.)

ही ठाण्याची खाडी. 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ती लांबवरची गुलाबी रेघ म्हणजे रोहित पक्षी, फ्लेमिंगो. ओहोटीच्या चिखलात चोच उलटी घालून ते अन्न गाळून खातात. आणि ही अलीकडची तिवरं. मुळांवर नजर टाका. वेफर्सची पाकिटं, शांपूच्या पुड्या, चपलेचा पट्टा. नाल्यात पडलेलं सगळं भरतीबरोबर इथे येऊन अडकतं. नखाएवढे तुकडे चिखलात मिसळतात, ते कॅमेऱ्यालाही दिसत नाहीत. आम्ही तासभर शोधले.

(दृश्य: पुन्हा सोसायटी. कढीपत्त्याची कुंडी, मुळाशी काळं खत.)

सकाळचे साडेआठ. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी बेल वाजवली आहे. निळ्या बादलीत सुका कचरा, वेगळ्या पुडीत संपलेले सेल आणि मुदत सरलेली औषधं. पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण केलेली, म्हणजे ते उघड्या हाताने चाचपायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

"ताई, ओला कचरा नाही आज पण?"

"नाही मावशी. हे घ्या, तुमच्या तुळशीला."

आई डालड्याच्या जुन्या डब्यात भरलेलं खत त्यांच्या हातात देते. मावशी झाकण उघडून वास घेतात.