ब्लू कार्डाचा आकडा आणि कलम 30च्या बायका

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'उच्चकुशल स्थलांतरितांच्या निवास परवान्यांची शासकीय आकडेवारी कशी तयार होते?' असला विषय छापूनही हॉल भरलाय, म्हणजे बाहेर पाऊस लागला असणार. (हशा) नाही, खरं कारण मला ठाऊक आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचं कोणी ना कोणी म्युनिक, श्टुटगार्ट नाहीतर आइंडहोव्हनला आहे. तेव्हा ब्लू कार्ड म्हणजे युरोपीय संघातला उच्चकुशल परदेशी नोकरदारांचा निवास परवाना, याहून जास्त मी सांगत बसत नाही. मुलांच्या कार्डांच्या तारखा तुम्हाला तोंडपाठ असतील.

सुरुवात आमच्या काकांपासून करते. काका म्हणजे मावशीचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना दहा पैशांचा फरक सापडल्याशिवाय जागेवरून न उठणारा माणूस. पण व्हॉट्सअॅपवर याच माणसाला लाखांचा फरक चालतो. मागे त्यांनी ग्रुपवर टाकलं, "जर्मनीने एका वर्षात 69 हजार भारतीय इंजिनिअर उचलले! विचार करा!!" वर तिरंगा, खाली जोडलेले हात. मी लगेच फोन लावला.

म्हटलं, "काका, 69 हजार हा आकडा खरा आहे. 2023चा आहे, जर्मनीचाच आहे. फक्त ते सगळे भारतीय नाहीत, सगळे इंजिनिअर नाहीत, आणि सगळ्यांना त्याच वर्षी उचललेलं नाही."

काका म्हणाले, "मग माझ्या मेसेजात उरलं काय?" (हशा)

उरलं बरंच. 2023मध्ये युरोपीय संघाने सुमारे 89 हजार ब्लू कार्डं दिली. संघ म्हणजे इथे 25 देश, कारण डेन्मार्क आणि आयर्लंड या योजनेत नाहीत. त्यातली सुमारे 69 हजार एकट्या जर्मनीची, पण त्यात रशियन आले, तुर्की आले, सगळे आले. भारतीयांना मिळालेली कार्डं सबंध संघात मिळून 21 हजारांच्या आसपास. सगळ्या देशांत पहिला नंबर आपलाच, त्यामुळे अभिमान बाळगायला हरकत नाही. काकांना ते पटलं. "मग 21 हजार लिहितो," म्हणाले.

म्हटलं, "लिहा, पण 'गेले' असं लिहू नका. त्यातली बरीच मुलं आधीपासून तिकडेच होती. एखादी मुलगी जर्मनीत आखेनला एम.एस. करायला जाते, तेव्हा तिची नोंद शिक्षणाच्या रकान्यात होते. पुढे नोकरी लागली की तिला ब्लू कार्ड मिळतं. त्या वर्षी ती विमानात बसलेलीच नसते. तिचा परवाना आकडेवारीत 'पहिला' धरला जात नाही, तो कारण बदलल्याचा परवाना. पहिला कधी धरतात? आयुष्यात खरोखर पहिला असेल तर, नाहीतर आधीचा संपून निदान सहा महिने उलटले असतील तर."

"म्हणजे सात महिने पुण्यात येऊन राहिलं की माणूस परत पहिल्यांदा जातो?"

"हो."

बँकेतल्या माणसाला हे फार लागलं. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी नेदरलँड्स काढलं. "तिथे ब्लू कार्डं अगदीच थोडी दिसतात. हुशार मुलं तिकडे जात नाहीत का?" आता आमच्या मावशीचा स्वतःचा मुलगा तिथेच, आइंडहोव्हनला, त्यामुळे हा प्रश्न घरातच जरा नाजूक होता. (हशा) नेदरलँड्सची 2004पासून उच्चकुशल स्थलांतरितांसाठी स्वतःची वेगळी योजना आहे, केनिसमिग्रांट. तिथल्या कंपन्यांना ती सोयीची पडते, म्हणून ब्लू कार्डाच्या वाटेला फारसं कोणी जात नाही. लक्झेंबर्गला, युरोस्टॅट या संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या तक्त्यात, ब्लू कार्डाचा रकाना निराळा आणि 'उच्चकुशल कामगार' हा रकाना निराळा. जर्मनीचं सगळं वजन पहिल्या रकान्यात, नेदरलँड्सचं दुसऱ्या. एकच रकाना वाचून दोन देशांची तुलना करणारे लेख मी दर वर्षी वाचते. चांगल्या चांगल्या लोकांचे असतात.

त्या डच योजनेत पगाराची अट वयानुसार ठरते. 2025मध्ये तिशीच्या आतल्याला महिना 4,171 युरो पुरायचे, तीस पूर्ण झाल्यावर 5,688. त्याच कंपनीत राहिलात तर जुनी अट चालते. नोकरी बदललीत की नवी लागू. म्हणजे तिसाव्या वाढदिवसानंतर नोकरी बदलणाऱ्याने केक कापण्याआधी पगाराची स्लिप बघावी. मावसभावाला मी हे सांगितलं, तेव्हा त्याने आधीच बघितली होती.

काकांनी शेवटी मेसेज काढून टाकला आणि नवा लिहिला, "जर्मनीतील भाचीच्या म्हणण्यानुसार विषय गुंतागुंतीचा आहे." त्यालाही लोकांनी अंगठे दिले.

आता माझी स्वतःची तक्रार सांगते, कारण खरं म्हणजे त्यासाठीच मी आले आहे. पत्रिकेवरचा विषय शेवटी येईल, काळजी नको.

2013मध्ये मी जर्मनीला गेले. नवऱ्याकडे ब्लू कार्ड होतं, त्याची फाइल जाडजूड. पदवी, गुणपत्रिका, कंपनीचा करार, आणि परदेशी पदव्यांच्या अनाबिन या सरकारी डेटाबेसमधलं ते पान, ज्यावर आपल्या विद्यापीठापुढे 'एच प्लस', म्हणजे जर्मनीत मान्य, असं लिहिलेलं असतं. ते पान ज्यांनी छापून घेतलंय त्यांना कळलं मी कशाबद्दल बोलतेय. माझी फाइल बारीक. लग्नाचा दाखला, त्याचं जर्मन भाषांतर, फोटो. पुणे विद्यापीठातली संख्याशास्त्रातली एम.एस्सी.ची पदवी मी हौसेने बरोबर नेली होती. टेबलापलीकडच्या बाईंनी ती दोन्ही हातांनी धरून बघितली, "छान आहे" म्हणाल्या आणि परत दिली. कारण माझ्या अर्जात पदवीला रकानाच नव्हता. कार्ड आलं. त्यावर बारीक अक्षरात कलम 30, म्हणजे पतीबरोबर राहायला आलेली पत्नी. शेजारी शेरा, काम करण्यास परवानगी.

हा शेरा म्हणजे चांगली गोष्ट आहे, बरं का. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठेही नोकरी करता येते. अमेरिकेत एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसलेल्या मैत्रिणी मला आहेत, त्यांच्या मानाने मी राणी. पण आकडेवारीच्या दृष्टीने गोची इथेच होते. हवी ती नोकरी करता येत असताना कोण कशाला पुन्हा रांगेत उभं राहून स्वतःचं ब्लू कार्ड काढेल? मी नाही काढलं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकींनी नाही काढलं. एका जोडप्याची गंमत सांगते. दोघं इथलेच, एकाच कॉलेजचे, एकाच कंपनीत, आणि पगार तिचा जास्त. सरकारी तक्त्यात तो 'उच्चकुशल' आणि ती 'कौटुंबिक कारण'. (हशा) हसू नका, तो पण हसतो.

पुढे मला नोकरी लागली ती एका कचेरीत, याच तक्त्यांवर. नाव घेत नाही. म्हणजे ज्या तक्त्यात मी उच्चकुशल नव्हते, तो तपासायचा पगार मला मिळत होता. तिथे मी एकदा सुचवलं की कौटुंबिक परवान्यांच्या तक्त्याखाली निदान एक तळटीप द्या, यातल्या कितीतरी लोकांकडे उच्च पदव्या आहेत आणि ते नोकरी करतात. विभागप्रमुख सज्जन गृहस्थ, चष्मा काढून म्हणाले, "आम्ही येण्याचं कारण मोजतो, डोकं नाही मोजत." मी पुढच्या वर्षी परत सुचवलं. त्यांनी परत चष्मा काढला. तळटीप काही आली नाही.

कायद्याने बघाल तर त्यांचं बरोबर होतं. संघाच्या 2007च्या 862 क्रमांकाच्या नियमावलीत सहावं कलम आहे. परवाना कोणत्या कारणासाठी दिला, कोणत्या देशाच्या नागरिकाला, किती मुदतीचा, एवढंच ते मुळात मागायचं. 2020च्या दुरुस्तीने वय आणि लिंग जोडलं, शिक्षण नाही. कारणांचे ढोबळ गट चार. कुटुंब, शिक्षण, नोकरी आणि इतर. 2023मध्ये संघात सुमारे 37 लाख पहिले परवाने दिले गेले आणि त्यातला प्रत्येक या चारांपैकी कुठल्यातरी एकाच खणात बसला. लग्नात केटरर ताटं मोजतो, कोण वराकडचं आणि कोण शेजारच्या हॉलमधून आलेलं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. त्याचं बिल चुकत नाही. पण त्या बिलावरून कोणी वधूपक्षाची शैक्षणिक पातळी काढायला लागला, तर दोष केटररचा नाही.

इथे पुण्यात बोलतेय म्हणून दांडेकर-सुखात्मे वादाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971मध्ये 2,250 उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांचं म्हणणं असं की माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर जुळवून घेतं, सरासरीवर रेषा आखाल तर भुकेलेले भलतेच जास्त दिसतील. वाद वर्षानुवर्षं चालला. आमचे सर तो वर्गात दोन्ही आवाजांत करून दाखवायचे. (एक श्रोता: "आम्हालाही!") हो ना? तिथे कोण उपाशी हे उष्मांकांची रेषा ठरवायची, इथे कोण कुशल हे पगाराची रेषा ठरवते. 17 नोव्हेंबर 2023ला जर्मनीत साधारण क्षेत्रात ब्लू कार्डासाठी वर्षाला 58,400 युरो पगार लागायचा. 18 तारखेला नवा कायदा लागू झाला आणि रेषा 43,800वर आली. वर्षाला 50 हजार कमावणारा एखादा अकाउंट्समधला माणूस रात्री साधा म्हणून झोपला आणि सकाळी उच्चकुशल म्हणून उठला. आयटीतल्या अनुभवी माणसाला तर आता पदवीही लागत नाही, तीन वर्षांचं काम पुरतं. धोरण म्हणून मला हे आवडतं. पण 2022 आणि 2024चे आकडे एका आलेखावर ठेवून वर-खाली कुशलता मोजणाऱ्यांनी मध्ये एक उभी रेघ तरी मारावी.

आयोजकांची चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' खाली दोनदा रेघ. (हशा) बरं, पत्रिकेवरचा विषय एका दमात सांगते.

जर्मनीत परदेशी लोकांची स्थानिक कार्यालयं पाचशेहून जास्त आहेत. तिथला कारकून तुमचा परवाना कायद्याच्या कलमानुसार संगणकात टाकतो. ती नोंद केंद्रीय परदेशी नोंदणीत जाते, ही नोंदणी न्यूर्नबर्गचं स्थलांतर कार्यालय सांभाळतं. 31 डिसेंबरला कोणाकडे कोणता परवाना आहे, ते त्यातून काढतात. वीसबाडेनचं सांख्यिकी कार्यालय आकडे पाचाच्या पटीत गोल करून छापतं, कुणा एकट्या माणसाची ओळख पटू नये म्हणून. आणि वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत संघाचा तक्ता लक्झेंबर्गला पोचवायचा असतो.

आता यात गळती कुठे होते बघा. डिसेंबरात अर्ज केला, कार्ड फेब्रुवारीत आलं, तर माणूस पुढच्या वर्षात मोजला जातो. नूतनीकरण अडकलं की हातात फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा तात्पुरता कागद. हे नाव तुमच्या मुलांनी फोनवर चिडून उच्चारलेलं असेल. तो कागद हातात असलेला माणूस त्या दिवशीच्या ब्लू कार्डांच्या बेरजेत सहसा दिसत नाही. सगळ्यात मोठी गळती यशाची. बी-1 पातळीचं जर्मन येत असेल तर 21 महिन्यांत कायमचा परवाना मिळतो. तो मिळाला की माणूस ब्लू कार्डाच्या शिल्लक आकड्यातून बाहेर. म्हणजे जो रुजला, टिकला, भाषा शिकला, तो या तक्त्यातून वजा होतो. शिल्लक घटली की वर्तमानपत्रात मथळा येतो, कुशल लोक पळाले.

आणि खरोखर पळालेले मात्र तक्त्यात राहतात! जाताना नोंद रद्द करून जायचं असतं, आबमेल्डुंग म्हणतात. कॅनडाचं तिकीट हातात असताना कोणाला ती आठवते? 2003 अखेर या नोंदणीत सुमारे 73 लाख परदेशी होते, पुढच्या वर्षाअखेर 67 लाख. गाशा गुंडाळून कोणी गेलं नव्हतं, नोंदणीची साफसफाई झाली होती. 2011च्या जनगणनेत लोकसंख्येच्या हिशोबापेक्षा सुमारे 11 लाख परदेशी कमी भरले.

आपल्या बाजूने ताळा करावा, तर तीही सोय नाही. 1983च्या आपल्या उत्प्रवासन कायद्याखाली मंजुरी लागते ती कमी शिकलेल्या कामगारांना, आणि तीही ठरावीक देशांत जाताना. पदवीधर इंजिनिअर विमानतळावरून नुसता शिक्का घेऊन जातो. तो कामाला गेला की फिरायला, याची मोजणी आपण करत नाही. त्यामुळे 'महाराष्ट्रातून किती गेले' हा प्रश्न मला दर भेटीत विचारतात आणि मी चहा मागते.

माझं मागणं एवढंच आहे. कौटुंबिक परवान्याच्या अर्जात शिक्षणाची एक ओळ घाला, उत्तर ऐच्छिक ठेवा. जर्मनीत दर वर्षी 1 टक्का कुटुंबांची पाहणी होते, मायक्रोसेन्सस. त्यात शिक्षण विचारतात, नोकरी विचारतात. आमच्या घरी पाहणीवाले आले होते. त्यांच्या कागदावर मी पदव्युत्तर संख्याशास्त्रज्ञ आहे आणि न्यूर्नबर्गच्या नोंदणीत त्याच दिवशी कलम 30. हे दोन कागद जोडून एक तक्ता छापा, दर वर्षी नको, पाच वर्षांतून एकदा छापा. त्यातल्या बायकांचा आकडा काय निघेल याचा अंदाज मी आज सांगणार नाही. काका ग्रुपवर टाकतील.

चिठ्ठी परत आली, या वेळी नुसतं उद्गारचिन्ह आहे. थांबते. प्रश्न जरूर विचारा, पण दूतावासाच्या अपॉइंटमेंटबद्दल नको. ते माझ्या हातात नाही.