आधी नाव विचारा

नमस्कार, श्रोतेहो.

प्रवासात एखादा अनोळखी चेहरा आवडतो आणि हात मोबाइलकडे जातो. मग आपण भलतीकडेच बघतोय असं दाखवतो आणि गुपचूप फोटो काढतो. काही जण याला नैसर्गिक फोटो म्हणतात. मला ती चोरी वाटते. शिवाय असे फोटो बहुतेक वेळा चांगलेही येत नाहीत!

आपल्या मुंबईला फोटो काढायचा नाद जुना आहे. इथे १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही त्या काळातले छायाचित्रकार. तेव्हा फोटोसाठी काही सेकंद अजिबात न हलता बसावं लागे, म्हणून ते चेहरे ताठ दिसतात. ते ठीक आहे. पण फोटोखाली लिहिलेलं असे ते जात किंवा धंदा, माणसाचं नाव क्वचितच. पुढे १९८४ साली स्टीव्ह मॅकरी यांनी पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. १९८५ मध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. तिचं नाव फोटो काढणाऱ्याला कळलं, ते थेट २००२ साली.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये माझ्यासमोर एक कोळीण मावशी बसल्या होत्या. वर छप्पर, त्यामुळे डोक्यावरचं ऊन नाही, आणि पाण्यावरून परतलेला उजेड खालून चेहऱ्यावर. भर उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, तशा इथे नव्हत्या. मी नाव विचारलं. (ते इथे सांगत नाही, रेडिओवर सांगू का, हे विचारायचं राहिलं.) मग म्हटलं, “मावशी, एक फोटो काढू?”

“काढ. पण थांब.” त्यांनी पदर सारखा केला आणि पायाशी असलेली पाटी बाकाखाली ढकलली. मला तर ती पाटी हवी होती! म्हणाल्या, “ती कशाला? फोटो माझा काढतोयस ना?”

पहिला फोटो पासपोर्टसारखा आला. तो येऊ द्यावा, आणि त्यांना दाखवावा. मावशींनी बघितला, शेजारणीला दाखवला, दोघी हसायला लागल्या. तेव्हा काढलेला दुसरा फोटो खरा. एक करा, मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका. फार जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. दोन पावलं मागे सरका आणि मग थोडं झूम करा.

“व्हॉट्सॲपवर पाठवू का?” असं विचारलं, तर म्हणाल्या, “कागदावर दे. भिंतीला लावायचाय.” पोस्टकार्ड आकाराची प्रत काढून पुढच्या फेरीला नेऊन दिली. दुसरा फोटो दिला होता, पण त्यांना हवा होता पहिला, ताठ बसलेला. मग तोही छापला.