पंपावर शून्याच्या पलीकडे

नमस्कार श्रोतेहो. निपाणी असो, संकेश्वर असो की खानापूर, पंपावर गाडी लावली की आपण मीटरवरचा शून्य बघतो आणि निर्धास्त होतो. पण तेल मापात आहे का, चोख आहे का, हे शून्य सांगत नाही.

मापाची शंका आली तर पाच लिटरचं, वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं माप मागा. ते पंपावर असायलाच हवं. माप आधी एकदा तेलानं ओलं करून निथळून घ्यायला सांगा, कारण कोरड्या भांड्याच्या अंगाला थोडं तेल चिकटतं आणि नसलेली तूट दिसते. पाच लिटरला 25 मिलीपर्यंत कमी चालतं, त्यापुढे नाही.

भेसळीसाठी फिल्टर पेपर मागा. नोझलचं तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकायचा. दोनेक मिनिटांत तो उडून जातो. फिकट गुलाबी छटा राहिली तर ती पेट्रोलच्या रंगाची, घाबरू नका. काळपट डाग राहिला तर मात्र घनता तपासायला लावा. पंपाच्या बोर्डावर लिहिलेल्या घनतेत आणि तपासणीत घनमीटरला 3 किलोपेक्षा जास्त फरक नको. डिझेलला कागदाची ही युक्ती लागू नाही.

पावसाळ्यात जांबोटी, चोर्ला बाजूला फिरणाऱ्यांनी टाकीच्या झाकणाचं रबर बघावं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्या उसापासूनही बनणारं. पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याशी जातं आणि दोन्ही तळाला बसतात. गाडी तेल ओढते तळातूनच! इंजिन झटके देऊ लागलं तर स्टार्टर मारत बसू नका, टाकी रिकामी करून घ्या.

हवा, पिण्याचं पाणी, शौचालय, प्रथमोपचार पेटी, सगळं फुकट. तेल भरलंच पाहिजे असंही नाही. नाही म्हणाले तर तक्रार वही मागा.

हवा मात्र टायर थंड असताना भरा. हायवेवरून तापून आलेल्या टायरचं प्रेशर तीन-चार पॉइंट जास्तच दिसतं, म्हणून तिथे हवा काढायची नाही. काढली तर सकाळी टायर कमी हवेचा असतो आणि कडेनं झिजतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. पोरगा ‘सगळ्यांना पस्तीस’ म्हणाला तरी ऐकू नका. आणि स्टेपनीतही बघून घ्या.